सल्लागार पेढीतील वेठ

अचलपूरच्या फिनले मिलची चाके मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली. टाळेबंदी उठली, बाजारपेठा उघडल्या, लग्नाचे मांडव पुन्हा पडू लागले. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची ही गिरणी मात्र सुरू झाली नाही. कामगारांनी मोर्चे काढले, निवेदने दिली, अर्ध्या पगारावर दिवस ढकलले. याच काळात परतवाड्याहून संध्याकाळी पुण्याकडे निघणाऱ्या खाजगी गाड्या भरभरून जात राहिल्या. त्यांत बसणारी मुले-मुली याच गावाची. कुणाचा बाप गिरणीत होता, कुणाची दोन एकर संत्र्याची बाग, कुणाची आई अंगणवाडीत. 'पोट्टी पुण्याले लागली' हे वाक्य अचलपुरात ज्या स्वरात उच्चारले जाते, त्यात सुटकेचा निःश्वास असतो. गिरणी गेली, शेती परवडत नाही, पण लेक वातानुकूलित कचेरीत बसते, तिच्या गळ्यात ओळखपत्राची फीत आहे आणि तिचा महिन्याचा पगार बापाच्या वर्षाच्या कमाईएवढा आहे, असे समाधान त्या स्वरात असते.

त्या कचेरीत दिवसाचे किती तास काम होते, हे विचारण्याची पद्धत नाही. ते पुरेसे उघड झाले सप्टेंबर २०२४ मध्ये, आणि तेही एका आईच्या पत्रामुळे.

अर्न्स्ट अँड यंग ही हिशेब-तपासणी व सल्ला यांचा व्यवसाय करणाऱ्या जगातील चार बड्या पेढ्यांपैकी एक. तिच्या पुण्यातील कार्यालयात केरळची एक २६ वर्षांची सनदी लेखापाल तरुणी मार्च २०२४ मध्ये रुजू झाली. तिची ही पहिलीच नोकरी. चार महिन्यांत, २० जुलै रोजी, तिचा मृत्यू झाला. तिच्या आईने पेढीच्या भारतातील अध्यक्षांना पत्र लिहिले आणि ते देशभर वाचले गेले. रात्री उशिरा सांगितलेले काम सकाळपर्यंत हवे असणे, शनिवार-रविवार कामात जाणे, थकून खोलीवर परतल्यावर कपडेही न बदलता अंथरुणावर पडणे, आणि तशातच पुन्हा निरोप येणे, असा तपशील त्या पत्रात आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आईवडील पुण्यास आले ते तिच्या पदवीदान समारंभासाठी. छातीत आवळल्यासारखे वाटते म्हणून तिला रुग्णालयात नेले, तर डॉक्टरांनी झोप अपुरी आहे, जेवण फार उशिरा होते, असे सांगितले. त्यानंतरही ती कामावर गेली. पदवीदानाच्या दिवशीसुद्धा दुपारपर्यंत ती घरून काम करीत होती आणि समारंभास पोचायला त्यांना उशीर झाला. आईवडिलांच्या विमानाचे तिकीट तिने आपल्या कमाईतून काढले होते. अंत्यसंस्कारास पेढीचे कोणीही आले नाही, हेही आईने लिहिले.

पेढीच्या अध्यक्षांनी शोक व्यक्त केला. अंत्यसंस्कारास कोणी गेले नाही ही चूक झाली व ती पेढीच्या संस्कृतीस शोभणारी नव्हती, असे त्यांनी मान्य केले. मात्र कामाच्या ताणाने तिचा जीव गेला असेल असे पेढी मानत नाही, तिला इतरांएवढेच काम होते, असेही त्यांनी सांगितले. मृत्यूचे वैद्यकीय कारण ठरविणे हे वृत्तपत्राचे काम नव्हे. पण 'इतरांएवढेच काम' या खुलाशाकडे नीट पाहिले पाहिजे. हा खुलासा एका मुलीपुरता आरोप दूर सारतो आणि त्याच वेळी बाकीच्या सुमारे एक लाख कर्मचाऱ्यांच्या दिनक्रमाविषयी प्रश्न उभा करतो. त्या पत्रानंतर देशभरातील अशा पेढ्यांतून आजी-माजी कर्मचाऱ्यांनी आपापले अनुभव सांगायला सुरुवात केली. त्यातील बहुतेकांनी नाव दिले नाही, आणि त्यांनी नाव का दिले नाही हे समजण्यासाठी फार विचार करावा लागत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून बोलकी होती. राज्याच्या कामगार खात्याचे अधिकारी त्या कार्यालयात तपासणीस गेले, तेव्हा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंदणीच तेथे नव्हती. कार्यालय २००७ पासून चालू. नोंदणीसाठी अर्ज केला फेब्रुवारी २०२४ मध्ये, आणि इतक्या वर्षांच्या विलंबामुळे तो खात्याने फेटाळलेला. परतवाड्याच्या बाजारातील कापडाचा दुकानदार नोंदणी चुकवील तर निरीक्षक त्याच्या गल्ल्यापाशी उभा राहतो. जी पेढी दुसऱ्यांचे हिशेब कायद्याप्रमाणे आहेत की नाहीत याचा दाखला देण्यासाठी पैसे घेते, तिच्या दारात निरीक्षक सतरा वर्षे पोचला नव्हता, आणि पोचला तोही एक मृत्यू झाल्यानंतर.

या धंद्याची रचना समजावून घेतली तर यात कुणा एका दुष्ट साहेबाचा शोध घेण्याची गरज उरत नाही. सल्लागार पेढीजवळ यंत्रे नाहीत, कच्चा माल नाही, गोदाम नाही. ती विकते ते माणसांचे तास. वर मूठभर भागीदार, खाली व्यवस्थापक, त्याखाली वरिष्ठ सल्लागार आणि तळाशी नुकतीच पदवी घेऊन आलेली शेकडो मुले, असा हा मनोरा असतो. गिऱ्हाइकाशी करार होतो तो बहुधा ठराविक रकमेचा व ठराविक मुदतीचा. काम मिळविण्यासाठी रक्कम कमी सांगावी लागते, मुदत आखूड द्यावी लागते. सहा माणसांचे काम चौघांत बसवायचे ठरले की उरलेल्या दोघांचे तास त्या चौघांच्या रात्रींतून वसूल होतात. मासिक पगार ठरलेला; जादा तासांना जादा पैसा नाही. कार्ल मार्क्सला वरकड मूल्याचे गणित मांडण्यासाठी इंग्लंडच्या कारखाना-निरीक्षकांचे अहवाल चाळावे लागले होते. येथे ते गणित टाइमशीट नावाच्या तक्त्यात दर आठवड्याला कर्मचारी स्वतःच्या हाताने भरतो.

स्वतःच्या हाताने, पण खरे नव्हे. या धंद्यातील जुनी रीत अशी की अंदाजपत्रकापेक्षा अधिक लागलेले तास नोंदवायचेच नाहीत. ते नोंदविले तर कामाचा नफा घटतो, व्यवस्थापकाची नाराजी ओढवते आणि 'हिला वेळेत काम जमत नाही' असा शेरा बसतो. म्हणून तेरा तास काम करून आठ लिहायचे. गिरणीत निदान भोंगा होता. पाळी संपली की तो सर्वांना ऐकू येई. येथे पाळी कधी संपली हे सिद्ध करणारा एकमेव कागद कामगाराकडूनच खोटा लिहून घेतला जातो.

त्यावर वार्षिक मूल्यमापनाची टांगती तलवार. सर्वांनी उत्तम काम केले तरी काहींना खालची श्रेणी मिळालीच पाहिजे अशा वक्ररेषेवर माणसे बसविली जातात, आणि शेजारी बसणारा सहकारी हा प्रतिस्पर्धी बनतो. वर चढा नाही तर बाहेर पडा, हा अशा पेढ्यांचा अलिखित कायदा. ज्याच्या हाती सध्या गिऱ्हाइकाचे काम नाही, त्याला 'बेंचवर' बसलेला म्हणतात. त्याची स्थिती बदली कामगारासारखी, फक्त तो दाराबाहेर उभा न राहता आत बसून घाबरतो. व्यवस्थापक आपल्या हाताखालच्यांना 'फॅमिली' म्हणतो, सुटी मागितली की 'ओनरशिप' दाखवा म्हणतो. मालकी सांगायची, पण भागीदारीत चार आण्यांचाही वाटा नाही!

हे सारे भारतापुरते आहे, येथील साहेब अजून सुधारलेले नाहीत, असे कुणी म्हणेल. याच पेढीच्या सिडनी कार्यालयात ऑगस्ट २०२२ मध्ये एका कर्मचारी स्त्रीचा मृत्यू झाला. त्यानंतर पेढीने ऑस्ट्रेलियाच्या माजी लिंगभेद-निवारण आयुक्त एलिझाबेथ ब्रॉडरिक यांच्याकडून आपल्या कामकाजाची चौकशी करविली व तिचा अहवाल जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. दीर्घ तासांमुळे प्रकृतीवर वाईट परिणाम झाल्याचे ४६ टक्के कर्मचाऱ्यांनी सांगितले. १५ टक्क्यांनी दमदाटीचा, १० टक्क्यांनी लैंगिक छळाचा, ८ टक्क्यांनी वंशभेदाचा अनुभव नोंदविला. अहवाल स्वतःहून छापला याचे श्रेय पेढीला द्यावयास हवे. पण तेथे चौकशी झाली, आणि पुढल्याच वर्षी पुण्यात नोंदणीही नसल्याचे निघाले, ही तफावत कुठून येते? तेथे कायद्याचा आणि संघटनांचा धाक होता. येथे तो नव्हता.

येथील मुलगी गप्प का बसते, याची कारणे अचलपूरच्या घरात सापडतात. शिक्षणासाठी काढलेले कर्ज असते. तीन महिन्यांची नोटीस असते, आणि अनुभवाचा दाखला जुन्या पेढीच्याच हाती असतो. मुलगी असेल तर आणखी एक भीती असते: नोकरी सोडून घरी आली तर पुढल्या महिन्यात स्थळे पाहायला सुरुवात होईल. पुण्याच्या खोलीत चौघीजणी भाड्याने राहतात, डबा रात्री अकराला उघडतात आणि घरी फोनवर 'सगळं बरं आहे' म्हणतात. बापाने गिरणीच्या दारावरचे लाल-निळे बावटे पाहिलेले असतात. लेकीला युनियन हा शब्द लाजिरवाणा वाटेल असे वातावरण कचेरीत पहिल्या दिवसापासून तयार केलेले असते. आपण आज ना उद्या भागीदार होणार, हे स्वप्न शंभरातल्या दोघा-तिघांच्या बाबतीत खरे होते. उरलेल्यांकडून तेच स्वप्न रात्रीचे काम करून घेते.

वऱ्हाडाला या जातीची पेढी नवी नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद मापाची शकुंतला रेल्वे ज्या ब्रिटिश किलिक निक्सन कंपनीने उभी केली, ती मॅनेजिंग एजन्सी होती. दुसऱ्यांच्या कंपन्या चालवून देण्याचे कमिशन खाणे हा तिचा व्यवसाय. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरच्या वाटेला लावण्यासाठी हा मार्ग घातला गेला, आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके त्याची मालकी त्या खाजगी कंपनीकडे राहिली. रेल्वे चालविणारे मोजके कर्मचारी मात्र तिकीट देणे, फाटक लावणे, सिग्नल पाहणे अशी सगळी कामे स्वतःच उरकीत. एप्रिल १९७० मध्ये भारत सरकारने मॅनेजिंग एजन्सीची पद्धतच रद्द केली. आजची सल्लागार पेढी तिची वंशज नव्हे. पण धंदा चालविण्याची जबाबदारी दुसऱ्याची, फी आपली, आणि श्रम तिसऱ्याचे, ही मांडणी वऱ्हाडच्या जुन्या माणसांना ओळखू येईल.

कामाच्या तासांचा इतिहास तर महाराष्ट्रात मुखोद्गत असायला हवा. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून साप्ताहिक सुटी, दुपारची विश्रांती व सूर्यास्तास काम बंद या मागण्या मांडल्या. रविवारची सुटी गिरणीमालकांनी मान्य केली ती १० जून १८९० रोजी. ४८ तासांचा आठवडा कारखान्यांत आला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असतानाच्या प्रयत्नांतून, १९४६ च्या दुरुस्तीने. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याचे ४८ तास कायम केले. मध्यप्रांत-वऱ्हाडात दुकाने व आस्थापनांचा कायदा १९४७ मध्ये झाला. म्हणजे परतवाड्याच्या पेढीवरील मुनिमालाही तासांची हद्द मिळून पाऊणशेहून अधिक वर्षे झाली. अशा राज्यात, १८९० नंतर १३४ वर्षांनी, एका सनदी लेखापाल मुलीचा रविवार तिचा नव्हता.

पांढरपेशांना संघटना मानवत नाही, हा समजही खोटा आहे. बँकांतील कारकुनांना एकेकाळी दिवसाचा हिशेब जुळेपर्यंत बसवून ठेवीत. त्यांनी संघटना बांधल्या, संप केले, १९५३ चा शास्त्री निवाडा व १९६२ चा देसाई निवाडा मिळविला, आणि १९६६ पासून मालकांशी समोरासमोर बसून करार करू लागले. ते कारकूनही स्वतःला कामगार म्हणवून घेण्यास सुरुवातीला संकोचत होते. पुण्यात आज माहिती तंत्रज्ञानातील नोकरदारांची 'नाइट्स' ही संघटना तक्रारी घेऊन कामगार खात्याकडे जाते. कर्नाटकात अशा नोकरदारांच्या युनियनने २०२४ मध्ये दिवसाचे चौदा तास करण्याच्या प्रस्तावाविरुद्ध आवाज उठविला. बीज पडलेले आहे.

सत्ताधाऱ्यांची व उद्योगपतींची भूमिका काय? ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे ९० तासांचे वक्तव्य बाहेर आले. पुण्याच्या घटनेनंतर अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ताण सोसण्याचे आंतरिक बळ घरातून व श्रद्धेतून मिळावे असा उपदेश केला. मृत मुलीला दोष देण्याचा हेतू नव्हता, असे त्यांनी पुढे स्पष्ट केले हेही खरे. पण छातीत आवळणाऱ्या माणसाला श्रद्धेने किती तास जागता येते? जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार आठवड्यास ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यास, ३५ ते ४० तास काम करणाऱ्याच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी व हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. एकट्या २०१६ या वर्षात दीर्घ तासांमुळे जगात ७ लाख ४५ हजार माणसे दगावली. जपानला यासाठी 'करोशी' हा स्वतंत्र शब्द घडवावा लागला आणि २०१४ मध्ये तो रोखण्याचा कायदा करावा लागला.

महाराष्ट्र सरकारने मात्र उलट पाऊल टाकले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वीस वा अधिक माणसे असलेल्या दुकाने व आस्थापनांतील दैनिक तास नऊवरून दहा करण्यास आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा १२५ वरून १४४ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, जादा कामाला दुप्पट दर आहे, असे समर्थन केले जाते. ज्या कचेरीत तेरा तासांचे आठ लिहिले जातात तेथे दुप्पट दर कशावर लावणार?

शिवाय या मुलांना कायदा 'कामगार' मानतो काय, हा मूळ पेच आहे. व्यवस्थापकीय व प्रशासकीय कामे करणारे कायद्याच्या कक्षेबाहेर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत महिना १८ हजारांहून अधिक पगाराचे पर्यवेक्षकही बाहेर. मग पेढ्यांनी काय केले? पहिल्या दिवशीच्या पोरालाही 'एक्झिक्युटिव्ह', 'असोसिएट', 'कन्सल्टंट' अशी बिरुदे दिली. त्याच्या हाताखाली एक माणूस नाही, एक रुपया खर्च करण्याचा अधिकार नाही, पण पदनाम साहेबाचे. १९८५ मध्येच सिबा-गायगी कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पदनाम नव्हे, तर माणसाचे मुख्य काम काय आहे हे पाहावे असा निर्णय दिलेला आहे. तो निर्णय हाती घेऊन लढणारी संघटना अद्याप या पेढ्यांच्या दारात उभी राहिलेली नाही.

पक्षातीलच काही जुने कार्यकर्ते यावर म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेता येत नाही, की फिनले मिलचा कामगार उपाशी असताना, मेळघाटचा आदिवासी कामासाठी स्थलांतर करीत असताना, महिना साठ-सत्तर हजार मिळविणाऱ्यांची दुःखे कशाला वाहायची? शिवाय या पेढ्या सरकारला सल्ला देतात तो कोणता? नोकरकपातीचा, कंत्राटीकरणाचा, सार्वजनिक उद्योग मोडीत काढण्याचा. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने नऊ खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला आणि तरुणांच्या संतापामुळे ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला, हे ताजे आहे. जे हात असले तक्ते बनवितात त्यांच्याविषयी कळवळा कसा यावा?

यातला पहिला आक्षेप पगाराशी संबंधित आहे. शोषणाचे माप पगाराच्या आकड्यात नसते, स्वतःच्या वेळेवरचा आणि शरीरावरचा ताबा कोणाकडे आहे यात असते. गिरणीतील जॉबर हा सांच्यावरच्या कामगारापेक्षा अधिक मिळवीत असे. म्हणून चळवळीने त्याला मालक मानले नाही. दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. गिरणी तोट्यात का आहे याचा तक्ता रात्री दोन वाजता भरणारी मुलगी त्याच गिरणीतल्या कामगाराची लेक असू शकते. तक्त्यात काय सांगायचे हे तिने ठरविलेले नसते. तिच्याशी बोलणारे कुणी उरले नाही, तर ती आपल्या बापाच्या संपाकडे मॅनेजरच्या डोळ्यांनी पाहू लागेल. चळवळीने तिला टाळले म्हणून तक्ते बनायचे थांबणार नाहीत.

करण्याजोगी कामे अचलपुरातही आहेत. फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून, ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२४ पासून कामाचे तास संपल्यावर फोन व ई-मेल न घेण्याचा हक्क कायद्याने दिला. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी असे खाजगी विधेयक २०१८ मध्ये व पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत मांडले. खाजगी विधेयक बहुधा मांडले जाते आणि कपाटात जाते. त्याच्या पाठीशी ठराव, सभा, सह्या उभ्या करणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे आणि अचलपूर-परतवाड्याच्या पालकांच्या सह्या त्यात सर्वांत वजनदार ठरतील. जादा तासांची खरी नोंद ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकावी, प्रवेशद्वारावरील व संगणकावरील नोंदी पुरावा म्हणून ग्राह्य धराव्यात, ही मागणी फिनले मिल सुरू करण्याच्या मागणीसोबत एकाच पत्रकात छापता येते. दिवाळीत ही मुले चार दिवस घरी येतात. त्या वेळी त्यांना व्याख्यान न देता त्यांचे ऐकून घ्यावे. कोणत्या पेढीत किती तास, कोणती सुटी नाकारली गेली, याची टिपणे नावे न लिहिता ठेवावीत.

आणि एक प्रश्न तर आजच विचारता येतो. पुण्यातील अशा सल्लागार व हिशेब-तपासणी पेढ्यांपैकी किती कार्यालये दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदलेली आहेत, २०२४ नंतर त्यांतील किती ठिकाणी निरीक्षक गेला, आणि त्याने तेथील कामाच्या तासांविषयी काय लिहिले? माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात, आणि तो परतवाड्याच्या टपाल कचेरीतूनही पुण्याच्या कामगार आयुक्तालयात जातो.